पाणी अडवले, आता वाटायचे कसे?



आषाढी जवळ आली की ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, पुणे सोडून दिवेघाट चढते आणि सासवडला कऱ्हेच्या काठी विसावते. पुढे जेजुरी, वाल्हे, मग नीरा नदी ओलांडून पंढरीची वाट. ही वारी आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण याच मुलखातून आणखी एक वारी दरसाल निघते. ती आपल्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे पाण्याची वारी. पुरंदरच्या पश्चिमेला गराड्याकडच्या डोंगरात पडलेला पाऊस ओघळीतून ओढ्यात उतरतो, ओढ्यातून कऱ्हेत येतो. कऱ्हा सासवडवरून, जेजुरीजवळून, बारामतीवरून जाते आणि नीरेला मिळते. नीरा नरसिंगपूरला भीमेत जाते, आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. म्हणजे गराड्याच्या माथ्यावर पडलेला थेंबही शेवटी विठोबाच्या पायाशीच पोचतो. फरक एवढाच, की वारकरी मुक्काम करीत करीत जातो. आणि आपण केलेल्या उघड्या-बोडक्या डोंगरावरून पाणी मात्र कुठेही मुक्काम न करता, धावत सुटते.

हे पाणी वाटेत मुक्कामाला कसे थांबवावे, आणि थांबले तर ते कोणी किती घ्यावे, या दोन गोष्टींविषयी आज बोलायचे आहे. पहिली गोष्ट आता बहुतेक गावांना कळली आहे. दुसरीविषयी मात्र गावे बोलायला बिचकतात. म्हणून माझा भर दुसऱ्या गोष्टीवर राहील.

आधी एक शब्द समजून घेऊ. तो शब्द आहे पाणलोट. आपल्या घराचे छप्पर पाहा. आढ्याच्या अलीकडे पडलेले पाणी अंगणात येते, पलीकडे पडलेले परड्यात जाते. डोंगराचेही तसेच. डोंगराची धार हे आढे. धारेच्या अलीकडे पडलेला सगळा पाऊस ज्या एका ओढ्याला मिळतो, तेवढी सगळी जमीन म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. त्यात कोणाचे शेत असेल, कोणाचे कुरण असेल, गावचे गायरान असेल, वनखात्याचे रान असेल. सात-बाराच्या उताऱ्यावर त्यांची नावे वेगळी, पण पाण्याच्या हिशेबी ते सगळे एकाच छपराखालचे. वरच्याने कुऱ्हाड चालवली की खालच्याच्या विहिरीत गाळ येतो. असे हे एकत्र कुटुंब आहे, आपण मानो वा न मानो.

आता छप्पर उघडे पडले की काय होते? शिक्षक बंधु-भगिनींनो, हे मुलांना दाखवायला फार साधन लागत नाही. दोन घमेली घ्या. दोन्हीत सारखी माती भरा. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवताचे दाट ढेकूळ मुळांसकट बसवा. दोन्ही घमेली एका बाजूने सारखीच उचलून धरा आणि झारीने तांब्या-तांब्याभर पाणी घाला. उघड्या घमेल्यातून लगेच गढूळ पाणी वाहून येईल. गवताच्या घमेल्यातून थोडे येईल, उशिरा येईल आणि पुष्कळसे निवळ येईल. मुलांना विचारा, उरलेले पाणी गेले कुठे? मुले आपण होऊन सांगतील, मातीत गेले. पाणलोटाचे अर्धे शास्त्र तेवढ्यात शिकवून झाले, बघा.

कऱ्हेच्या खोऱ्याने हा धडा मोठ्या फळ्यावर पाहिला आहे. २०१९ सालचा उन्हाळा महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला दुष्काळाचा गेला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एका रात्रीच्या पावसाने कऱ्हेला असा पूर आला, की काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात कोपलेली, अशी एकाच नदीची दोन रूपे. पाऊस असा कोसळला तर कोणतेही उपाय तो पूर्ण थोपवू शकत नाहीत, हे खरे. पण उतारावर गवत, झाड आणि बांध असतील, तर नेहमीच्या पावसाळ्यात नदीचे हे दोन्ही टोकांचे वागणे पुष्कळ सौम्य होते.

यासाठी जे काम करायचे, त्याचा क्रम ठरलेला आहे : माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर समपातळी चर खणायचे, गवत आणि झाडे वाढू द्यायची, चराईला आणि तोडीला आळा घालायचा. मग ओघळींना दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती, आणि सगळ्यांत शेवटी खालच्या नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. पुष्कळ गावे उलट्या टोकाने सुरुवात करतात. बंधारा दिसतो, त्याचे उद्घाटन होते. वर खणलेला चर कोणाला दिसत नाही. पण वरचा डोंगर तसाच ठेवून खाली बंधारा बांधला, तर काही पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. मग त्यात पाणी राहत नाही, नुसते नाव राहते.

श्रोते हो, इथवरची गोष्ट आपण ऐकलेली आहे आणि कित्येकांनी केलेलीही आहे. २०१६ पासून चार उन्हाळे वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने शेकडो गावांतल्या बायाबापड्यांनी, पोराटोरांनी भर उन्हात कुदळ-फावडे चालवले. घाम गाळायला आपली माणसे मागे हटत नाहीत. अडचण येते ती पाणी दिसू लागल्यावर.

समजा, एक गाव आहे. माथ्यावर धनगराचा वाडा, मधल्या उतारावर दोन-दोन एकर हलक्या जमिनीचे शेतकरी, पायथ्याला काळीभोर जमीन आणि तिच्यात चार-दोन मोठ्या विहिरी. गावाने पाणलोटाचे काम काढले. चराई बंद झाली, म्हणजे धनगराच्या शेळ्या-मेंढ्यांना पहिली दोन-तीन वर्षे रान मिळेना. त्याने काही जनावरे विकली. मधल्या शेतकऱ्याची थोडी जमीन बांधात गेली. भूमिहीन बायांनी श्रमदान केले. तिसऱ्या वर्षी पाणी मुरले आणि ते निसर्गाच्या नियमाप्रमाणे उतरले कुठे? पायथ्याच्या विहिरीत. त्या विहिरीवर मोटर बसली, ऊस लागला. आता सांगा, ज्याने सोसले त्याला काय मिळाले? आणि चौथ्या वर्षी तुम्ही धनगराला म्हणालात, “बाबा, यंदाही वर चारू नकोस,” तर त्याने ते का ऐकावे?

तो ऐकत नाही. एके रात्री मेंढरे आत शिरतात, चर बुजतात, आणि आपण म्हणतो, लोकांना अक्कल नाही. नाही हो, लोकांना अक्कल पुरेपूर आहे. कष्ट सगळ्यांचे आणि पाणी चौघांचे, हा व्यवहार त्यांनी ओळखलेला असतो. पाणलोट बिघडतो तो पुष्कळदा इथे, चार भिंतीत, डोंगरावर नंतर.

कोणी म्हणेल, माझ्या रानातली विहीर, माझे पाणी. इथे आपल्या जमिनीच्या पोटात डोकवायला हवे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी धरीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या फटीत. या फटी एका शेताच्या बांधापाशी थांबत नाहीत. माझ्या बोअरच्या फटीतले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीच्या फटीतूनच आलेले असू शकते. एका माठात चार नळ्या घातल्या, तर ज्याची नळी लांब तो शेवटपर्यंत पितो. पण माठ काही त्याच्या एकट्याचा होत नाही.

या प्रश्नाला याच पुरंदर तालुक्यात एका माणसाने तोंड दिले. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. पेशाने इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली आणि त्यांना वाटले, हेच हात पाणी अडवायला का लागू नयेत? त्यांनी तालुक्यात नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर पडीक, उताराची जमीन खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढली आणि तिचे पाणी पंपाने पुन्हा उतारावर चढवले. ज्या जमिनीत कुसळे उगवत होती, तिथे पिके उभी राहिली.

एवढ्यावर थांबले असते, तर ती एका हुशार माणसाची चांगली शेती झाली असती. पण शेजारची गावे पाहायला आली, तेव्हा त्यांनी आधी वाटणीचे नियम मांडले आणि मग पाण्याच्या योजना हाती घेतल्या. त्याला नाव पडले पाणी पंचायत. नियम मोजकेच होते. योजना एकट्या-दुकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मोजणीने : माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस घ्यायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. आणि पाणी सोडायला गटाचा पाटकरी.

यांतला भूमिहीनाच्या वाट्याचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याच्याजवळ शेत नाही, त्याला पाणी कशाला, असे आपण पटकन म्हणतो. पण वाटा असेल तर तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. म्हणजे त्यालाही पावसाकडे डोळे लावून बसण्याचे, बांध फुटला तर धावत जाण्याचे कारण उरते. पाणलोटाला राखणदार हवे असतील, तर राखणदारीचे कारण प्रत्येक घरात पोचले पाहिजे.

विलासराव २००२ साली गेले. पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या असे नाही. काही बंद पडल्या. तेव्हा नियम एकदा लिहिले म्हणजे काम झाले, असे समजू नये. नियमाला दरसाल पाणी घालावे लागते, म्हणजेच दरसाल बसून बोलावे लागते.

आणि ही काही बाहेरून आणलेली कल्पना नव्हे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात काय लावायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि दरसाल फेर बदलायचा. पुष्कळांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे एकाला सदा ओले आणि दुसऱ्याला सदा कोरडे, असे होत नसे. पाणी कमी झाले, तर एखादा फड सगळ्यांनी मिळून सोडायचा. पाणी द्यायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, नद्यांचे वाहणे बदलले आणि कित्येक फड मोडले. पण आपल्या आज्या-पणज्यांना तुटीची वाटणी करता येत होती, एवढे तर त्यावरून सिद्ध होते. सुगीची वाटणी कोणीही करील. तुटीची वाटणी करणे यालाच शहाणपण म्हणतात.

आता तिसरे गाव पाहू, हिवरे बाजार. पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, कमी पावसाचे गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदान केले, आणि शेतीला बोअर घ्यायचा नाही, हेही ठरवले. पण मला त्यांची एक रीत विशेष सांगायची आहे. पाऊस सरला की ते गाव ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पडले, किती मुरले, पिण्याला किती, गुराढोरांना किती, आणि उरलेल्यात कोणते पीक बसते. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे. घरात जसे आपण दाणे मोजून सण ठरवतो, तसेच.

हा ताळेबंद अवघड नाही. सातवीच्या मुलांना येईल. गुरुजी, हे गणित उद्या फळ्यावर घ्याच. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. म्हणजेच दहा हजार लिटरचा एक टँकर. गावचे शिवार १,००० हेक्टर धरा, पाऊस ४०० मिलिमीटर धरा. गुणाकार करा : चार लाख टँकर! उन्हाळ्यात ज्या एका टँकरसाठी बायका हंडे घेऊन भांडतात, तसे चार लाख टँकर आभाळाने दारात रिते केले.

पण त्यातले बरेचसे वाहून जाते, बरेचसे उन्हाने उडते, काही पिके आणि गवत पिते. काळ्या पाषाणात खोल मुरते ते साधारण दहावा हिस्सा. म्हणजे चाळीस हजार टँकर. आता गावची वस्ती दीड हजार धरा आणि माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे झाले सुमारे तीन हजार टँकर. हजार गुरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे आणखी अठराशे. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. उरले पस्तीस हजार.

वाटते, खूप उरले. आता उसाचा हिशेब करा. उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे चारशे वजा करा. उरलेले सोळाशे विहिरीतून द्यायचे, म्हणजे एकरी सुमारे साडेसहाशे टँकर. पाच एकर उसाला जेवढे पाणी जाते, तेवढ्यात सारे गाव वर्षभर पिते. आणि अडीच हजार एकरांच्या शिवारात नुसता पंचावन्न एकर ऊस लागला, की गावाच्या पोटातले उरलेले पाणी संपले! ज्वारी, हरभरा, कांदा यांच्यासाठी काही नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे शिवार, पाऊस, वस्ती घालून तुम्ही तुमचे काढा. ऊस लावणारा काही चोर नाही. पण हा हिशेब न पाहता लावणे, ही गावाची चूक आहे.

म्हणून आज माझी विनंती मोठी नाही. शाळेने एक पर्जन्यमापक बसवावा आणि मुलांनी रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहावा. गावातल्या पाच-सात विहिरी निवडून दर महिन्याला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत उतरवावी. ती वही शाळेची नव्हे, गावाची. पावसाळा सरला की त्या वहीवरून ताळेबंद करावा आणि तो मुलांनीच ग्रामसभेत वाचून दाखवावा. मोठ्या माणसांना एकमेकांचे आकडे पटत नाहीत. पोरांनी काढलेला आकडा खोटा म्हणायला जीभ जड जाते.

आणि बांधकामाला कुदळ लावण्याआधी ग्रामसभेने चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. माथ्यावरचे रान बंद केले, तर धनगराच्या आणि शेळीवाल्या बाईच्या जनावरांना चारा कुठून? बंद रानात वाढलेले गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचा असावा. विहिरीला पाणी वाढले, तर त्यातले किती वाटायचे आणि कसे? भूमिहीनाचा वाटा कोणता? आणि पाऊस निम्माच पडला, तर कोणते पीक सोडायचे? हे ठरवण्याच्या बैठकीत बाया हव्यात. त्यांना नुसते सतरंजीच्या कडेला बसवायचे नाही, त्यांना बोलू द्यायचे. कुठली विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे हंडा वाहणारीइतके कोणालाच ठाऊक नसते.

ही उत्तरे पाणी येण्याआधी लिहायची, बरं का. दुष्काळात सगळे सारखे तहानलेले असतात, तेव्हा समजुतीने बोलणे होते. एकदा विहीर भरली आणि मोटर बसली, की मग समजूत महाग पडते.

श्रोते हो, वारीत एक चांगली रीत आहे. दिंडीत पुढे चालणारा आणि मागे राहिलेला यांना पंगतीत सारखेच वाढले जाते. डोंगरावरून निघालेल्या पाण्याच्या वारीलाही आपण तीच रीत लावू या. वरच्याने राखावे, खालच्याने वाटावे. असे झाले, तर नदी आपोआप राखली जाईल. तिच्यासाठी वेगळा पहारा बसवावा लागणार नाही.